वासोट्याची वाट पाण्यातून

साताऱ्याहून कास ओलांडून घाट उतरला की रस्ता तुम्हाला बामणोलीला, कोयनेच्या पाण्याशी आणून सोडतो. तिथून पुढचा प्रवास लाँचचा, साधारण दीड तासाचा. मग पलीकडच्या काठावर मेट इंदवली, वनखात्याची चौकी, पिशव्यांची तपासणी, आणि तिथून दाट रानातून वासोट्याचा चढ. लोकांना या वाटेनं नेऊन आणण्याचं काम मी तरुणपणी सुरू केलं, आता केस पांढरे झाले. शाळांच्या सहली, कंपन्यांमधली मंडळी, एकटेदुकटे दुर्गवेडे, कधी निवृत्त शिक्षकांचा गट, सगळ्यांना घेऊन गेलो. या कामानं मला पोट दिलं. त्याहून मोठी गोष्ट ही, की एखाद्या डोंगराचा इतिहास कुठून सुरू करायचा, याची जाण दिली.

वासोट्याचा जो इतिहास आम्ही सगळेच सांगतो तो माथ्यावरचा. शिलाहार राजा दुसरा भोज यानं हा गड बांधला असं मानतात, तिथून सुरुवात. मग जावळीचे मोरे. 1656 मध्ये शिवाजी महाराजांनी जावळी घेतली, 1660 मध्ये महाराज पन्हाळ्याच्या वेढ्यात असताना त्यांच्या मावळ्यांनी वासोटा घेतला. व्याघ्रगड हे त्याचं दुसरं नाव. पुढे गडाचा तुरुंग झाला. पेशवाईच्या शेवटी ताई तेलिणीनं तो लढवला आणि 1818 मध्ये इंग्रजांनी घेतला. पडक्या दरवाजातून आत गेल्यावर बिनछपराच्या मारुतीसमोर गटाला बसवायचं, हे सगळं सांगायचं, डावीकडचं पाण्याचं टाकं दाखवायचं, काळकाईच्या ठाण्याकडे चक्कर मारायची, महादेवाच्या देवळाशी डबे उघडायचे आणि बाबू कडा बघून उतरायला लागायचं. उतरायची घाई असतेच, कारण अभयारण्यात मुक्कामाला परवानगी नाही. संध्याकाळच्या आत लाँच सुटली पाहिजे.

एका हिवाळ्यात माझ्या गटाच्या लाँचमध्ये एक वृद्ध गृहस्थ होते. धोतर, वर स्वेटर, सोबत दोन नातवंडं. सोलापूर जिल्ह्यातल्या एका वसाहतीतून आले होते. बामणोली सोडल्यापासून ते माझं काहीच ऐकत नव्हते, नजर सारखी काठावरच्या डोंगरांवर. मध्येच त्यांनी बोटवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "हितं जरा मशीन बंद कर." बोटवाल्यानं काही न विचारता इंजिन बंद केलं. म्हाताऱ्यांनी एका बाजूच्या डोंगराची सोंड दाखवली, दुसऱ्या बाजूची खिंड दाखवली. दोन्हीच्या मधोमध बोट आहे याची खात्री करून घेतली आणि नातवाला सांगितलं, "ह्याच्याखाली आपलं घर. त्या अंगाला हीर. आणि तिकडं, ती बाई बसलीय ना, तिच्या बाजूला, देऊळ." मग पिशवीतून नारळ काढून पाण्यात सोडला. गटातलं कुणी बोललं नाही. त्यांनी मला एवढंच विचारलं, "तुमी गडाचं समदं सांगताय. ह्याचं कोण सांगतं?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि ते शोधण्यात पुढची वर्षं गेली.

कोयना महाबळेश्वरला उगम पावते, सह्याद्रीच्या कण्याला समांतर दक्षिणेकडे वाहते, हेळवाकजवळ पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेला मिळते. पाटण तालुक्यात देशमुखवाडीजवळ तिच्यावर 103 मीटर उंचीचं धरण उभं राहिलं. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला पाणी अडू लागलं आणि मागे तापोळ्यापर्यंत खोरं भरत गेलं. त्या जलाशयाला शिवसागर म्हणतात. साठवलेलं पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटात उतरतं, पोफळीच्या भूमिगत वीजघरात वीज तयार करतं आणि वाशिष्ठीत सोडलं जातं. पूर्वेला वाहणारी नदी माणसांनी पश्चिमेला वळवली. राज्याच्या कारखान्यांना त्या विजेनं बळ दिलं, हे मी मनापासून मानतो आणि गटालाही सांगतो. पण मी ज्या वस्त्यांवर चहा पितो, तिथल्या म्हाताऱ्या सांगतात की त्यांच्या घरात दिवा लागायला धरणानंतर कितीतरी वर्षं जावी लागली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि लाँचमधल्या दीड तासात दोन्ही सांगायला वेळ पुरतो.

ज्यांची घरं गेली ती माणसं सोलापूर, सांगली, रायगड, ठाणे, रत्नागिरी अशी पांगली. महाराष्ट्रात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा आला 1976 मध्ये. कोयनेची माणसं त्याच्या आधीच उठली होती. त्यांच्या जमिनीचे, सातबाऱ्याचे, वसाहतींच्या सोयींचे प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या चालत राहिले. काही जण खालून उठून वर डोंगराच्या अंगाला सरकले. पाण्याच्या वर जी काही वरकस जमीन उरली होती तिथं नाचणी-वरी करत राहिले. नदीकाठची भाताची जमीन मात्र गेली ती गेलीच. एका आजीनं मला सांगितलं, की आधी खोऱ्यातून पायी चालत पाहुण्यांकडे जायचो, आता समोरचं गाव दिसतं पण जायचं तर बोट लागते. लग्न ठरवताना मुलीचं सासर पाण्याच्या कुठल्या बाजूला आहे हे आधी बघायला लागले लोक. हे ऐकल्यावर मला जलाशयाचा नकाशा वेगळाच दिसायला लागला.

कर्ते पुरुष तर आधीपासून मुंबईला जात होते. जावळी-पाटणच्या या पट्ट्यातून मुंबईच्या गोदीत, धान्याच्या बाजारात, पाठीवर ओझी वाहायला माणसं गेली. माथाडींना संघटित करणारे अण्णासाहेब पाटील याच पाटण तालुक्यातले, आणि माथाडींसाठीचा कायदा 1969 चा. वासोट्याच्या वाटेवर हे सांगतो तेव्हा काही जण चमकून बघतात, कारण त्यांना गडावर तलवारी हव्या असतात. पण एकदा नवी मुंबईहून आलेल्या गटातला एक तरुण जेवताना माझ्याजवळ येऊन बसला आणि हळूच म्हणाला की त्याचे आजोबा याच खोऱ्यातून गेलेले माथाडी. घरी कधी कुणी गावाचं नाव काढलं नाही. त्याला डोंगर माहीत होता तो फोटोंमधून. परतताना लाँचमध्ये सगळा वेळ तो बोटवाल्याजवळ बसून होता. आडनावावरून बोटवाल्यानं त्याची भावकी शोधून काढली.

भूकंपाचंही असंच. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयना परिसर हादरला. कोयनानगर उद्ध्वस्त झालं, पावणेदोनशेहून अधिक माणसं गेली. जलाशय भरण्याशी त्या भूकंपाचा संबंध लावला गेला, आणि अशा भूकंपांच्या अभ्यासात कोयनेचं नाव आजही जगभर घेतलं जातं. खोऱ्यातल्या लोकांना ते शास्त्र सांगावं लागत नाही. लहान धक्के त्यांच्या अंगवळणी पडलेत. भांडी वाजली की आम्ही बाहेर येतो, एवढंच ते सांगतात. पाणी आलं, त्यानंतर काही वर्षांतच जमीन हलली, आणि या दोन्हींतून जी माणसं उरली त्यांच्या दारात 1985 मध्ये अभयारण्य आलं.

अभयारण्याबद्दल मला सावकाश बोललं पाहिजे. माझं पोट त्याच्यावर आहे आणि माझा जीवही त्याच्यावर आहे. कोयना अभयारण्य, पुढे 2010 मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प, 2012 मध्ये पश्चिम घाटाला मिळालेल्या जागतिक वारशात समावेश, या सगळ्यामुळे हे रान टिकलं. मेट इंदवलीहून ओढा ओलांडून आत शिरलात की दहा मिनिटांत ऊन नाहीसं होतं. जांभूळ, अंजनी, हिरडा, पिसा, खाली कारवीची दाटी. शेकरू डोक्यावरून उड्या मारत जातो. गव्याचं शेण ताजं असेल तर सगळ्यांना थांबवून टाळ्या वाजवत पुढे जायचं. अस्वलाला मात्र मी फार मान देतो. बिबट्या तुमची चाहूल लागली की निघून जातो, अस्वल कान देत नाही. ही सगळी जाण मला पुस्तकातून आलेली नाही. मेट इंदवलीच्या बाजूच्या एका वाटाड्यानं पहिल्या वर्षांत माझ्याबरोबर चालून ती दिली. झाडाच्या खोडावर किती उंचीवर नखांचे ओरखडे आहेत यावरून जनावर किती मोठं, खालची साल किती सुकलीय यावरून ते कधी येऊन गेलं. मधाचं पोळं कुठल्या झाडावर आहे हे माहीत असेल तर अस्वल कुठे भेटेल हेही माहीत असतं. त्यानं कधी हात धरून शिकवलं नाही. तो थांबायचा, आणि मला दिसेपर्यंत थांबून राहायचा.

त्या वाटाड्याच्या घरानं पाण्यात शेत दिलं होतं आणि नंतर रानात गुरं चारायची वाटही दिली होती. जळण, हिरडा, मध, जे त्यांच्या आजोबांनी न विचारता आणलं ते आणायला आता परवानगी लागत होती. रान राखलंच पाहिजे असं माझं ठाम मत आहे. मुक्कामाला बंदी, प्लास्टिकची मोजदाद, संध्याकाळची वेळ, या नियमांवर कुरकुरणाऱ्या गटाला मी सोबत घेत नाही. पण या रानाची किंमत त्याच माणसांनी दोनदा मोजली, हेही मी तितक्याच ठामपणे सांगतो. आज बामणोली, शेंबडी, मुनावळ्याची पोरं लाँच चालवतात, वाटाडे म्हणून जातात, जेवण देतात. हे त्यांना उपकार म्हणून दिलेलं काम नाही, त्यांचा त्यावर पहिला हक्क आहे. बाहेरून स्वतःचा गाईड घेऊन येणाऱ्या संस्थांना मी हे तोंडावर सांगितलं आहे. काहींनी ऐकलं, काहींनी माझ्याशी बोलणं सोडलं.

आता गडाकडे येतो, कारण पाण्यापासून सुरुवात केल्यावर गडही मला नव्यानं कळला.

सातारा भागातल्या एका शाळेच्या सहलीत सातवीतल्या मुलीनं मला विचारलं, "ताई तेलीण इतके महिने वर राहिली तर लोक जेवत काय होते?" तोवर मी ताई तेलिणीचा पराक्रम सांगत होतो. परशुरामपंत प्रतिनिधी कैदेत पडले, तिनं त्यांना सोडवलं, पंत पुन्हा पकडले गेले तरी तिनं वासोटा सोडला नाही, दुसऱ्या बाजीरावानं पाठवलेल्या बापू गोखल्यांना कित्येक महिने झुंजवलं. बापू गोखल्यांची थट्टा करणारी त्या प्रसंगावरची ओवी अजून लोकांच्या तोंडी आहे. मुलीच्या प्रश्नानं मात्र मी तिथल्या तिथे गटाला उठवलं आणि टाक्याशी घेऊन गेलो. या पट्ट्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण दगड पाणी धरून ठेवत नाही. जानेवारी उलटला की डोंगर कोरडा पडत जातो. खडकात खोदलेली टाकी नसती तर गड एक उन्हाळाही तगला नसता. धान्य वर यायचं ते खोऱ्यातून, माणसांच्या डोक्यावरून. गडाच्या पायथ्याची मेटं म्हणजे पहारा करणाऱ्यांच्या वस्त्या. वर कोण येतं, काय येतं, हे त्यांना आधी कळायचं. चुन्याची घाणी अजून माथ्यावर आहे. ती ओढणारा बैलही ही वाट चढूनच गेला असणार, आणि त्याची वैरण कुणीतरी पाठीवर नेली असणार. ताई तेलिणीचा गड शेवटी पडला तोही धान्याचं कोठार जळाल्यामुळे, असं सांगितलं जातं. त्या मुलीचा प्रश्न म्हणजे त्या वेढ्याचं मर्म होतं. तेव्हापासून कुठल्याही गडावर मी आधी पाणी दाखवतो, मग धान्याची जागा, मग बुरूज.

तुरुंगाचंही तसंच. वासोटा तुरुंगासाठी का निवडला, हे नकाशा बघून कळतं पण पायांना जास्त चांगलं कळतं. पूर्वेला नदीचं खोरं, पश्चिमेला कोकणात तुटलेला कडा, चहूकडे रान. पळून गेलेल्या कैद्याला जनावराच्या आधी मेटावरच्या माणसानं गाठलं असतं. 1817 च्या युद्धात पकडलेले हंटर आणि मॉरिसन हे दोन इंग्रज अधिकारी इथं ठेवले होते, साताऱ्याच्या छत्रपतींच्या घरातली माणसंही इथंच होती. 1818 च्या एप्रिलमध्ये जनरल प्रिट्झलरच्या फौजेनं गड घेतला तेव्हा ही सगळी सुटली. शेजारचा जुना वासोटा उंचीनं जास्त. तिथं तोफा चढल्यावर या माथ्यावर आडोसा राहत नाही, हे बाबू कड्याकडे जाताना समोर बघितलं की लहान मुलालाही समजतं. मी मुलांना विचारतो, तोफा तिथवर नेल्या कुणी? रान तोडून वाट केली कुणी? दोन्ही फौजांची ओझी उचलणारी माणसं याच आसपासच्या गावांमधली असणार. पन्नास-साठ किलोचं पोतं खांद्यावर घेऊन चढ चढणं काय असतं, हे गोदीतल्या त्यांच्या पणतवंडांना विचारावं.

बाबू कड्यावर मी जास्त बोलत नाही. घोड्याच्या नालेसारखा वळलेला तो कडा, खाली कोकणातलं चोरवणे, समोर नागेश्वरचा सुळका, लांबवर महिपतगड, सुमारगड, रसाळगडाची रांग. तिथं माझं काम एकच असतं, माणसं मोजत राहणं. काठावर वारा अचानक फिरतो, वाळलेलं गवत घसरतं, आणि फोटो काढणारा माणूस मागे सरकताना मागे बघत नाही. कड्यापासून चार पावलं आत सगळ्यांना बसवायचं, उभं राहायचं तर एकेकानं, हा नियम मी कधी मोडू दिला नाही. कुणी कितीही मोठा असो. शेवटी चालणारा माणूस गटातला सगळ्यात अनुभवी हवा, पुढचा नव्हे. दमलेल्याला 'आता आलंच' असं खोटं सांगायचं नाही. अजून किती चढ आहे ते खरं सांगितलं तर माणूस श्वास जपून चालतो. खोटं ऐकून चढलेला माणूस तिसऱ्या वळणावर बसतो आणि मग उठत नाही. डोंगरात मी जे काही शिकलो त्यातलं हे सगळ्यात उपयोगी.

नागेश्वरच्या गुहेत महाशिवरात्रीला कोकणातून माणसं चढून येतात. त्यांच्याबरोबर एकदा मी चोरवण्याकडे उतरलो. वाटेत एक म्हातारी बाई अनवाणी, हातात तांब्या, तिच्या मागे सून. आमच्याकडे महागडे बूट आणि काठ्या. ती म्हणाली की तिची आजीही याच वाटेनं यायची आणि वरच्या खोऱ्यातल्या बायका तिला इथं भेटायच्या. वर्षातून एकदा, याच ठिकाणी. धरणानंतर वरच्या बायका यायच्या थांबल्या. दोन खोऱ्यांमधलं एक नातं असं तुटलं, आणि त्याची नोंद कुठल्या दप्तरात असायचं कारणही नाही.

हे असं ऐकलेलं मी वहीत लिहून ठेवत आलो आहे. पाण्याखाली गेलेल्या शेतांची नावं, ओढ्यांची नावं, कुठला देव कुठून उचलून कुठे नेऊन बसवला, कुणाच्या वाट्याला कोणती वसाहत आली. म्हातारी माणसं दर पावसाळ्यानंतर कमी होतात. पावसाळ्यात गड बंद असतो, तेव्हा मी वसाहतींमध्ये जातो. पहिल्या भेटीत कुणी बोलत नाही. सरकारी माणूस समजतात. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत ट्रंकेतून जुना कागद निघतो. माझ्या या धडपडीला मदत केली ती बामणोलीकडच्या लाँचवाल्या पोरांनी. त्यांना आजीकडून जे ऐकायला मिळतं ते मला कधीच मिळणार नव्हतं.

आता माझे गुडघे साथ देत नाहीत. त्या लाँचवाल्या पोरांतल्याच एका मुलाकडे मी माथ्यावरचं बोलणं सोपवलंय. तो वयानं लहान, पण सुरुवात लाँचमध्येच करतो. इंजिन बंद करून दोन्ही काठांच्या खुणा दाखवतो आणि इथं काय होतं ते सांगतो. त्याला मी एकच आग्रह केला, की ऐकीव गोष्ट आणि कागदावरची गोष्ट सांगताना कुठली कोणती हे स्पष्ट सांगायचं. त्यानं ते मान्य केलं.

मे महिन्यात पाणी खाली जातं तेव्हा काठाला जुन्या घरांची जोती उघडी पडतात. कुठे उखळ, कुठे जात्याची तळी. कुठे कुणी गाळपेरीला ओळी पाडलेल्या. ते बघायला माणसं न्यावीत अशी त्या मुलाची कल्पना होती. मला ती आवडली आणि काळजीही वाटली, कारण उखळ उचलून घरी बागेत ठेवणारी माणसं मी पाहिली आहेत. आम्ही दोघं त्यावर बरेच दिवस बोललो. शेवटी असं ठरलं, की कुठल्या जोत्यांवर कुणाला न्यायचं हे त्या घरांची माणसं सांगतील. त्यांनी नको म्हटलं तर नाही. पहिली फेरी सोलापूरकडच्या वसाहतीतल्या म्हाताऱ्यांची आहे. त्यांच्याकडून लाँचचं भाडं घ्यायचं नाही यावर बोटवाले एका बैठकीत तयार झाले, जेवण कुणाच्या घरी यावर मात्र अजून एकमत नाही, कारण तीन घरं मागून बसलीत.